शिक्का रोजचा, सण अधूनमधून

जुलैचा पहिला रविवार आणि डिसेंबरचा पहिला रविवार. पुण्यात जपानी शिकणाऱ्याचं वर्ष या दोन तारखांना टांगलेलं असतं. त्या दिवशी जेएलपीटी असते, म्हणजे जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा. हॉलतिकीट, टोक केलेल्या दोन-तीन शिसपेन्सिली आणि खोडरबर एवढाच सरंजाम. मोबाइल बंद करून दूर ठेवायचा. नियम मोडला तर पर्यवेक्षक पिवळं कार्ड दाखवतात, फारच मोडला तर लाल. सगळ्यात शेवटी 'चोकाई', ऐकण्याचा पेपर. आवाज एकदाच येतो. नेमकी तेव्हाच बाहेरून वरात चालली असेल तर ते तुमचं नशीब.

ही परीक्षा १९८४ साली सुरू झाली. तेव्हा चार पातळ्या होत्या, २०१० पासून पाच झाल्या. एन-फाइव्ह सर्वांत सोपी, एन-वन सर्वांत अवघड. एकूण गुण १८०. एन-फाइव्हला ८० मिळाले की पास, एन-टूला ९० लागतात, एन-वनला १००. पण त्यात एक मेख आहे. प्रत्येक विभागात किमान गुण वेगळे मिळवावे लागतात. वरच्या तीन पातळ्यांवर चोकाईत ६० पैकी १९ च्या खाली घसरलात, तर बेरीज १२० झाली तरी नापास. बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षा मुळातच नाही. योग्य पर्यायाचा गोल काळा करायचा.

जपान फाउंडेशनच्या २०२१ च्या पाहणीत जगभर सुमारे ३८ लाख लोक संस्थांमधून जपानी शिकत असल्याचं दिसलं; त्यांतले भारतात ३६ हजारांच्या आसपास. त्यात पुण्याचा वाटा जुना आहे. रानडे इन्स्टिट्यूटमधले विद्यापीठाचे वर्ग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, आणि पेठांपासून औंध-बाणेरपर्यंत फ्लॅटच्या हॉलमध्ये चालणारे घरगुती क्लास. शिकायला येणारेही तऱ्हेतऱ्हेचे. हिंजवडीतला इंजिनिअर, अॅनिमे बघून वेडी झालेली अकरावीतली मुलगी, चाकणच्या कारखान्यात जपानी साहेबाशी रोज गाठ पडणारा सुपरवायझर, आणि आता काहीतरी नवं करायचंच अशा निर्धाराने आलेले निवृत्त लोक.

जूनमध्ये नवी बॅच सुरू होते तेव्हा खुर्च्या कमी पडतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग पुन्हा भरतो तेव्हा पंख्याखालची जागा सहज मिळते. गळालेली मंडळी बुद्धीने कमी होती म्हणावं, तर तसंही नसतं. बहुतेकांची गाडी दोन रविवारांच्या मधल्या लांबलचक पट्ट्यात अडकलेली असते. तिथे परीक्षा नसते, निकाल नसतो आणि कुणी विचारतही नसतं.

मराठी माणसाच्या कार्डावरचे दोन शिक्के

अमेरिकेत जोसेफ न्युनेस आणि झेव्हिएर ड्रेझ या दोन संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर त्यांनी ३०० गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. आठ वेळा गाडी धुतली की पुढची धुलाई फुकट. निम्म्या कार्डांवर आठ रिकामे चौकोन होते. उरलेल्या निम्म्यांवर दहा चौकोन होते, पण दोन शिक्के आधीच मारून दिले होते. म्हणजे दोघांनाही आठच फेऱ्या मारायच्या होत्या. तरी पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं आणि दुसऱ्या गटातल्या ३४ टक्क्यांनी. आपण वाटेला लागलो आहोत असं वाटलं की माणूस चालत राहतो.

जपानी शिकायला बसलेल्या मराठी माणसाच्या कार्डावर असे दोन शिक्के आधीच मारलेले असतात. पहिला लिपीचा. हिरागानाचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी लागतात. हा क्रम आपल्या वर्णमालेशी नातं सांगतो, कारण बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा जो अभ्यास केला त्यातून तो आला. हिरागानाची ४६ आणि काताकानाची ४६ अक्षरं रोज थोडी थोडी केली तर तीन-चार आठवड्यांत हाताखाली येतात.

दुसरा शिक्का वाक्यरचनेचा. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे, आणि प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी चक्क 'का'. पुढे 'ते-फॉर्म' आला की इंग्रजीतून शिकणारे घाम पुसतात. आपल्याकडे मात्र 'खाऊन बघतो', 'आणून ठेवतो', 'विसरून गेलो' असं आपण दिवसभर बोलतच असतो, आणि 'ताबेते मिरु', 'कात्ते ओकु', 'वासुरेते शिमात्ता' ही त्याच साच्याची वाक्यं आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला जपानीसाठी ८८ आठवडे, म्हणजे २२०० तासांचे वर्ग लागतील असा हिशेब धरते. तो आकडा वाचून आपण घाबरायचं कारण नाही. व्याकरणाचा मोठा चढ आपल्या वाट्याला येतच नाही.

या सोयीची एक गैरसोयही आहे. सुरुवात भराभर होते, आणि माणूस त्या वेगाची सवय करून घेतो.

दोन हजार एकशे छत्तीस

मग कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, येतात. जपान सरकारच्या नित्य वापराच्या यादीत २०१० पासून २१३६ कांजी आहेत. एन-फाइव्हला त्यांतल्या शंभराच्या आसपास येत असल्या की निभावतं. एन-टूपर्यंत हजाराच्या घरात जावं लागतं. परीक्षा घेणाऱ्यांनी २०१० नंतर पातळीवार यादी देणंच बंद केलं, त्यामुळे नेमकं किती झालं म्हणजे झालं हेही कुणी सांगत नाही. एका कांजीचे दोन-तीन उच्चार, रेघांचा ठरलेला क्रम, आणि जुळ्या भावंडांसारख्या दिसणाऱ्या जोड्या. एन-फोर हसतखेळत पार केलेला विद्यार्थी एन-थ्रीच्या पुस्तकात तीन महिने घालवतो आणि आपण हललोच नाही असं त्याला वाटू लागतं.

अशा वेळी जपानी मुलांची शाळा आठवावी. पहिलीत ८० कांजी, दुसरीत १६०, तिसरीत २००, चौथीत २०२, पाचवीत १९३, सहावीत १९१. सहा वर्षांत एकूण १०२६. घरीदारी, टीव्हीवर, दुकानांच्या पाट्यांवर हीच भाषा असताना त्या मुलांना एवढा वेळ देतात. आपण संध्याकाळी साडेसात ते नऊ, आठवड्यातून तीन दिवस शिकून हेच दोन वर्षांत उरकायला निघालेलो असतो.

आणि त्या मुलांचं कौतुक सहावीपर्यंत राखून ठेवलेलं नसतं. जपानी गुरुजी बरोबर उत्तराभोवती लाल शाईने गोल काढतात. बरोबरची खूण आपण करतो तशी टिकमार्क तिथे बहुतेक वेळा चूक दाखवायला वापरतात, त्यामुळे वहीभर टिकमार्क बघून खूश झालेला पुणेकर विद्यार्थी थोड्याच वेळात जमिनीवर येतो. काम छान झालं असेल तर त्या गोलाभोवती पाकळ्या काढून त्याचं फूल करतात. त्याला 'हानामारू' म्हणतात. काढायला दोन सेकंद लागतात, पण ते रोज मिळू शकतं.

साडेसहाचा व्यायाम

रोजच्या हजेरीची जपानी तऱ्हा बघायची तर 'राजिओ ताइसो' बघावा, म्हणजे रेडिओवरचा व्यायाम. तो १९२८ साली सुरू झाला. युद्धानंतर काही वर्षं बंद पडला आणि १९५१ पासून आजच्या रूपात चालू आहे. सकाळी साडेसहाला एनएचके रेडिओवर पियानो वाजतो आणि त्या ठेक्यावर लोक हातपाय हलवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली मुलं जवळच्या बागेत किंवा देवळाच्या आवारात जमतात. गळ्यात दोरीने अडकवलेलं कार्ड असतं. व्यायाम संपला की ओळीत उभं राहायचं, एखादे काका-काकू त्या दिवसाच्या चौकोनात शिक्का मारतात आणि मुलं घरी न्याहारीला पळतात. सुट्टी संपताना वही-पेन्सिलीसारखं किरकोळ बक्षीस मिळतं. हात सरळ वर गेला होता का, हे शिक्का मारणारा तपासत नाही. तुम्ही आलात, एवढीच त्याची नोंद.

ओसाकाच्या तोरू कुमोन यांनी १९५४ साली आपल्या दुसरीतल्या मुलासाठी गणिताचे कागद हाताने लिहायला सुरुवात केली, त्यामागेही हाच विचार होता. रोज थोडं, आपल्या कुवतीचं, पण रोज. पुढे १९५८ मध्ये त्याची संस्था झाली आणि आज ती जगभर पसरली आहे.

आमच्या बॅचला बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू होत्या. आधी आम्ही, मग खुद्द सेन्सेई, म्हणजे आमच्या बाईसुद्धा त्यांना 'काकू-सान' म्हणू लागल्या. त्यांनी अप्पा बळवंत चौकातून चौकटींची वही आणि एक तारखेचा रबरी शिक्का आणला होता. दातेरी चाकं फिरवून तारीख बदलायची तो, बँकेतल्यासारखा. रोज पाच कांजी, प्रत्येक पाच वेळा. मग जांभळ्या पॅडवर शिक्का टेकवून पानाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख. बस, वही बंद. नातीच्या बारशाला चार दिवस नाशिकला गेल्या तेव्हा ११ तारखेनंतरच्या पानावर थेट १६ पडली. मधली पानं भरून काढायची नाहीत, असा त्यांचा नियम होता. बँकेला सुट्टी असली म्हणून खातं बंद होत नाही, एवढंच त्यावर त्यांचं म्हणणं.

एका शुक्रवारी त्या नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या. एन-थ्रीचा निकाल नुकताच लागला होता, म्हणून सगळ्यांनी एकदम विचारलं, "काकू, पास?"

"छे! बारा गुणांनी गेली," त्या म्हणाल्या. "वही संपली ना काल. घ्या."

एक दिवस चुकला तर

काकूंचा नियम संशोधनाच्या कसोटीलाही उतरतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते मोजलं. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सरासरी ६६ दिवसांची निघाली. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. '२१ दिवसांत सवय' हे त्यामुळे विसरलेलंच बरं. त्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: मधेच एखादा दिवस चुकला तर सवय घडण्यावर फारसा परिणाम होत नाही.

मोबाइलवरची अॅप मात्र सलग दिवसांचा आकडा डोळ्यांपुढे नाचवतात. तो वाढत असतो तोवर मजा वाटते. घरात लग्न निघतं, ताप येतो, ऑफिसात रिलीज असते, आणि एका रात्रीत आकडा शून्यावर येतो. भाषा तेवढीच येत असते, पण माणसाला सगळं वाया गेल्यासारखं वाटतं. जपानी शाळांतही एकही दिवस न चुकवणाऱ्याला 'काइकिन-शो' देण्याची प्रथा आहे, आणि आजारी मूल त्यापायी शाळेत येतं अशी तक्रार तिथेही होते. हजेरीची नोंद ठेवावी, पण सलग हजेरीची पूजा करू नये.

'आन्की' हे उजळणीचं अॅप वापरणाऱ्यांची अडचण जरा वेगळी. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणाचा आलेख मांडला. विसरायच्या बेताला आलेली गोष्ट पुन्हा समोर आणली की ती पक्की होते, हे तत्त्व पुढे त्या धाग्यावर उभं राहिलं. त्यावर चालणारं आन्की हे सॉफ्टवेअर डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये आणलं, तेही स्वतः जपानी शिकताना. रोज वीस नवी कार्डं घेतली की थोड्याच दिवसांत उजळणीची दीड-दोनशे रोज समोर येतात. आठवडाभर उघडलं नाही तर हजाराचा ढिगारा, आणि त्या ढिगाऱ्याच्या भीतीने अॅपच पुसून टाकलेले कितीतरी जण भेटतात. उपाय साधा आहे. ढीग उतरेपर्यंत नवी कार्डं शून्य करायची, आणि उजळणीला वीस मिनिटांची हद्द घालायची. ढीग किती उरला हे बघायचं नाही. वीस मिनिटं झाली की शिक्का.

सण कशाचा करायचा

रोजचा शिक्का कोरडाच असतो, म्हणून अधूनमधून सण हवा. जपानकडे त्यासाठी दारुमा आहे. गुन्मा प्रांतातलं ताकासाकी हे या लाल, गोलमटोल, हातपाय नसलेल्या बाहुल्यांचं गाव. दारुमा म्हणजे बोधिधर्म, झेन परंपरेचा आद्य गुरू. तो दक्षिण भारतातून चीनला गेला असं परंपरा सांगते. बाहुली विकत घेताना तिचे दोन्ही डोळे कोरे असतात. संकल्प केला की एका डोळ्यात बुबुळ रंगवायचं, तडीस गेला की दुसऱ्यात. निवडून आलेल्या पुढाऱ्यांचे दुसरा डोळा रंगवतानाचे फोटो तिथल्या वर्तमानपत्रांत नेहमी असतात.

प्रथा तिथे संपत नाही. वर्ष सरलं की जुना दारुमा देवळात परत नेऊन देतात, तिथे त्याचं विधिपूर्वक दहन होतं, आणि घरी नवा येतो, पुष्कळदा आधीच्याहून मोठा. यशाचं स्मारक करून कपाटात ठेवायचं नाही. सण झाला की लगेच पुढचा कोरा डोळा आपल्याकडे बघायला लागतो.

आपल्या क्लासांतही सणाचे मुक्काम ठरवता येतात, आणि ते परीक्षेच्या तारखांवर सोडू नयेत. अनेक वर्गांत 'मिन्ना नो निहोंगो' हे पुस्तक चालतं. दोन भागांत मिळून पन्नास धडे. पहिल्या भागात मिलर-सान नावाचा अमेरिकन नोकरदार आपल्याला सतत भेटत राहतो, आणि पंचविसाव्या धड्यात त्याची तोक्योला बदली होते, त्याचा निरोपसमारंभ असतो. पंचविसावा धडा हा खराखुरा टप्पा आहे. एका सेन्सेईंच्या वर्गात त्या दिवशी पोरं सामोसे आणतात आणि मिलर-सानला निरोप देणारी दोन-दोन वाक्यं प्रत्येकाने जपानीतून म्हणायची असतात. पार्टीची पार्टी, उजळणीची उजळणी.

जपान फाउंडेशनचं 'मारुगोतो' हे पुस्तक आणखी पुढे जातं. त्यात 'हे मला जमतं' अशा वाक्यांची यादी असते आणि विद्यार्थ्याने स्वतःच तारे भरायचे असतात. ही कल्पना उचलण्यासारखी आहे, कारण जमलेली गोष्ट दाखवता येते आणि गुण नुसते सांगता येतात. असे मुक्काम कितीतरी करता येतील. काताकानातला हॉटेलचा मेनू न अडखळता वाचला. एनएचकेच्या सोप्या जपानीतल्या बातमीचा एक परिच्छेद शब्दकोशाशिवाय कळला. 'टोटोरो' चित्रपटातला एक प्रसंग सबटायटल झाकून समजला. कंपनीत आलेल्या पाहुण्याला लिफ्टमध्ये हवापाण्याबद्दल एक धड वाक्य बोललो आणि त्याने जपानीतूनच उत्तर दिलं. यातलं काहीही झालं की त्या संध्याकाळी गुडलक कॅफेत बनमस्का. साजरं करण्याची किंमत टप्प्याच्या मानाने असावी. एन-फाइव्हसाठी गोव्याची सहल काढली तर एन-वनला काय करणार?

आणि साजरं चारचौघांत करावं. घरच्यांना कांजी कळत नसली तरी वड्या कळतात.

निकालानंतरची मरगळ

सणाला एक धोका चिकटलेला आहे. रॅन किवेट्झ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्येच कॉफीच्या कार्डांचा अभ्यास केला. दहा कप घेतले की एक फुकट. शेवटचे शिक्के जवळ आले की लोक लवकर लवकर कॉफी प्यायला येत होते. फुकटचा कप मिळाला आणि नवं कार्ड हातात पडलं की वेग पुन्हा पहिल्यासारखा मंद. परीक्षेच्या आदल्या महिन्यात रात्री बारापर्यंत जागणारा विद्यार्थी परीक्षेनंतर पुस्तकाला हात लावत नाही, ते याच चालीचं. डिसेंबरचा निकाल यायला जानेवारीचा शेवट उजाडतो. तोपर्यंत 'बघू निकाल लागल्यावर'. पास झाला तर 'आता जरा श्वास घेऊ', नापास झाला तर 'जुलैच्या आधी सुरू करू'. दोन्हींत तीन-चार महिने जातात.

प्रमाणपत्राला महत्त्व आहेच. जपानच्या उच्चकुशल व्यावसायिकांच्या व्हिसासाठी ७० गुण लागतात. त्यात एन-वनचे १५ आणि एन-टूचे १० मिळतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'विशिष्ट कुशल कामगार' व्हिसासाठी साधारण एन-फोरची पातळी लागते, त्यामुळे वृद्धसेवेसारख्या कामांसाठी जाणारी मुलं-मुलीही आता वर्गांत दिसतात. पण परीक्षेवर सगळा भार टाकला तर काय होतं ते २०२० ने दाखवलं. त्या जुलैची परीक्षा महामारीमुळे जगभर रद्द झाली. ज्यांच्यापुढे फक्त ती तारीख होती, त्यांच्यापुढे काहीच उरलं नाही. आणखी एक: जेएलपीटीच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, पण भाषेला असते. दहा वर्षांपूर्वीचं एन-टू भिंतीवर लावून 'आता विसरलो सगळं' म्हणणारे पुण्यात थोडे नाहीत.

जेएलपीटीत एन-वनच्या पुढे तर पातळीच नाही. तिथवर पोचून पुढेही वाढत राहिलेल्यांकडे नीट पाहिलं तर त्यांचं काहीतरी आधीपासून चालू असतं. कुणी रोज बातमी वाचतो, कुणी भाषांतर करतो, कुणी रविवारी नव्या पोरांना हिरागाना शिकवतो. परीक्षा त्यांच्या वाटेत येऊन गेली, एवढंच.

डिसेंबर जवळ आला की परीक्षेला बसणाऱ्यांच्या हातात थोडेच आठवडे उरतात. चोकाईचे सराव पेपर, बुनपोच्या म्हणजे व्याकरणाच्या याद्या, दोक्काईचं म्हणजे वाचनाचं घड्याळ हे सगळं चालू असेलच. त्यातच एक काम उरकून घ्यावं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, कुठल्या पुस्तकाचं कुठलं पान उघडायचं ते ठरवून त्या पानावर तारीख घालून ठेवावी. निकाल कळायला अजून दोन महिने असतील. पण तो सोमवार पास होणाऱ्याला आणि नापास होणाऱ्याला सारखाच येतो.